सैतानाला कोपर नसतं

९ जानेवारी

दादा,

नमस्कार, क्षेमकुशल, थोरांना मान आणि लहानांना लाड हे सगळं रीतसर लिहिलंय असं समज आणि पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस. पत्र मात्र दाराच्या फटीतून आत येऊन पडतं, ते उचलावंच लागतं. तू नाही उचललंस तर वहिनी उचलेल, आणि तिचं-माझं काही भांडण नाही.

तुझा दात पाहिला. टूथपेस्टच्या जाहिरातीत तो जाडजूड दात कंबर हलवत बोलतो ना, त्याच्या आत तुझा हात आहे हे मी लगेच ओळखलं. मान वळवायच्या आधी जरासं थांबायची खोड दुसऱ्या कुणाची नाही. आमचे डॉक्टर जेवता जेवता म्हणाले, "काम चांगलंय, पण पुढच्या दाताला दाढेची मुळं लावलीत." दंतवैद्याशी लग्न केलं की असंच असतं. पण मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "माझा हात कुणाला दिसत नाही," म्हणत तू बाबांशी भांडून गेलास, आणि जाऊन बसलास कुठे, तर दाताच्या पोटात! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आता काम. बाबांना ते जुनं जर्मन नाटक पुन्हा करायचंय. हो, तेच. सगळी पुस्तकं पालथी घालूनही ज्याचं समाधान झालं नाही असा पंडित, हवं ते देईन पण तुझा आत्मा माझा म्हणणारा सैतान, आणि त्या दोघांच्या सौद्यात विनाकारण भरडली जाणारी ती पोरगी. छापखान्यावरची आपली खोली अजून आहे, बाहुल्या पेटीत आहेत, मुलीची बाहुली माझ्या हातात आहे, पंडित बाबांच्या. सव्वीस मार्चला पहिला खेळ लावलाय, पाट्याही रंगवून झाल्या. फक्त सैतान नाही.

बाबांना मी लिहितेय हे माहीत नाही. त्यांची तब्येत ठीक आहे. चहा हल्ली बशीत ओतून, बशी टेबलावरच ठेवून, वाकून पितात. लवकर गार होतो म्हणतात.

तू ये.

तुझी,
शेंडेफळ

२३ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. बरं. मला कुणाच्या नाकदुऱ्या काढायची सवय नाही, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातलं गाढव कोण ते तू ठरव.

तू येत नाहीस असं धरून आम्ही सैतान शोधायला लागलो. आधी खालचे छापखान्याचे मालक. आवाज असा की यंत्र चालू असतानाही तिसऱ्या मजल्यावर ऐकू जावा. बाबा खूश. पण त्यांनी सैतानाच्या बाहुलीतल्या मोज्यात हात घातला आणि मोजा बगलेतून टर्रकन उसवला. मग आत्या. आत्याचा हात छान, बारीक, पण ती संवादाबरहुकूम बोलेल तर शपथ. पंडित म्हणतो, मला जगातलं सगळं ज्ञान हवंय, तर सैतान म्हणतो, "अरे, आधी वेळेवर झोपत जा, डोळ्यांखाली काय काळं आलंय बघ." बाबांनी बाहुली खाली ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

शेवटी आमचे डॉक्टर. स्वतः होऊन पुढे आले, म्हणाले, मला बोटांचं काम रोजचंच आहे. बोटं खरंच चांगली आहेत. पण माणूस इतका सभ्य की सैतान आत येताना दार वाजवतो. त्यात कोपरातून हात वाकवतात, मग सैतान खिडकीतून भाजी घेणाऱ्या बाईसारखा पुढे वाकलेला दिसतो. आणि काल कहर झाला. सौद्याचा प्रसंग, पंडित आता सही करणार, आणि डॉक्टर वाक्य विसरले. विसरल्यावर माणसाच्या तोंडून सवयीचं तेच बाहेर पडतं. सैतान पंडिताला म्हणाला, "घाबरू नका, अजिबात दुखणार नाही. जरा आ करा."

मी चौकटीमागे खाली बसून हसले. बाबा हसले नाहीत. बाबा म्हणाले, "तो असता तर..." आणि तिथेच थांबले. तुझं नाव घेतलं नाही, पण "तो" म्हणायला तरी लागले, ही प्रगती समज.

एक बोलून टाकते. त्या भांडणाच्या दिवशी तुझी बाजू बरोबर होती असं मला तेव्हाही वाटलं होतं. वहिनीचे आईवडील पहिल्या रांगेत बसलेले, आम्ही सगळे टाळ्या घ्यायला पुढे, आणि ते दोघं जावई कुठे म्हणून माना उंच करून बघतायत. जावई मागे, सैतान हातात घेऊन. बाबांचा नियमच तो: सैतानाचा हात लोकांना दिसता कामा नये, हात दिसला की भीती गेली. तू विचारलंस, "आजच्या दिवस येऊ?" बाबा म्हणाले, "काम दिसलं ना? मग तोंड कशाला दाखवायचं?" इतक्या वर्षांनी एवढंच विचारलं होतंस. मला बाबांचा राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मला न सांगता गेलास, त्यामुळे तुझाही आला, आणि तो अजून आहे.

शेंडेफळ

८ फेब्रुवारी

दादा!

तुझं कार्ड आलं. ना प्रिय, ना कळावे, ना सही. अख्ख्या कार्डावर दोन वाक्यं: "सैतानाला कोपर नसतं. डॉक्टरांना सांग."

मी ते वाचून घरभर नाचले. आत्याला वाटलं तुला मुलगा झाला.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कोपराला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या बांधून तालीम केली. हात सरळ राहिला, हालचाल सगळी मनगटातून, आणि सैतान एकदम ताठ झाला. दार वाजवणंही थांबलं. मग मी तुझं कार्ड चुकून, अगदी चुकून, बाबांच्या चष्म्याखाली विसरले. बाबांनी वाचलं. उलटं करून पाहिलं. पुन्हा वाचलं.

"कुणाचं आहे?"

"डॉक्टरांच्या एका पेशंटचं."

"पेशंटला काम कळतं," बाबा म्हणाले, आणि कार्ड स्वतःच्या खिशात टाकलं. मी मागितलं नाही.

बाकी तालमी जोरात. सैतानाचा पहिला प्रवेश आम्ही डावीकडून करतोय, दिव्याच्या बाजूने, म्हणजे लोकांना स्वच्छ दिसेल. शिंगांवर मऊ कापड चिकटवलंय, लहान मुलं घाबरू नयेत म्हणून. तुला काय वाटतं?

शेंडेफळ

२४ फेब्रुवारी

दादा,

पंधरवड्यात तीन कार्डं! वहिनीला म्हणावं, पोस्टमनला चहा पाजत जा.

पहिलं: "डावीकडून? वेड लागलंय का? सैतान पंडिताच्या पाठीमागून येतो. लोकांना आधी दिसतो, पंडिताला नंतर." दुसरं: "शिंगांवरचं कापड काढ. आजच." तिसऱ्यावर नुसतं: "काढलंस का?"

काढलं. खरं सांगू? लावलंच नव्हतं. डावीकडून प्रवेशही कधी केला नाही. तुला क्षेमकुशल विचारलं की तू गप्प, पण सैतानाच्या शिंगाला हात लावला की तुझ्या अंगात वीज येते, हे माझ्या लक्षात आलं. मी लहानपणापासून तुला चिडवतेय, मला तुझ्या सगळ्या कळा माहीत आहेत. चिडू नकोस. चिडलास तरी कार्ड टाक.

आता बातमी. डॉक्टरांनी राजीनामा दिला. एका गृहस्थांची अक्कलदाढ काढताना त्यांचं मनगट मुरगळलं, आणि तो हात आमच्या पोटापाण्याचा. मग सैतान कुणी करायचा? मीच. एका हातात भोळी पोरगी, दुसऱ्या हातात सैतान, आणि दोघांची आपापसात बोलणीही मीच करते. पहिल्या दिवशी दोघांचे आवाज अदलाबदल झाले. पोरगी गुरगुरली आणि सैतान लाजला.

पण दादा, पाचव्या-सहाव्या तालमीला काहीतरी झालं. तुझा सैतान गुरगुरायचा, तो भारीच होता, पण माझा आवाज तिथवर पोचत नाही. म्हणून मी आत्याची लाडीगोडी उचलली. ती नाही का, "तू किती दमतेस गं, बस जरा," म्हणत म्हणत आपल्याच गळ्यात काम घालते? तसाच माझा सैतान बोलतो. पंडिताची चौकशी करतो, त्याची उशी नीट करतो, आणि सही घेतो. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "याच्या तर मीसुद्धा नादी लागलो असतो." बाबांकडून एवढं ऐकायला मिळतं कुठे? ते तर कशावरच समाधानी नसतात. नाटकात पंडिताचं मन भरलं की सैतान त्याला नेणार, अशी अट आहे. बाबांना नेणं कुठल्याच सैतानाला जमायचं नाही.

सैतानाला आम्ही हिरवा झगा शिवलाय, पोपटी. बाबा हल्ली पंडित डाव्या हातावर घेतात, त्यामुळे मला उजवीकडे सरकावं लागलं, पण चौकटीत मावतो दोघं. सौद्याच्या प्रसंगात मागे मी बासरी वाजवायचं ठरवलंय.

शेंडेफळ

१० मार्च

दादा,

पोपटी झग्याबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस. बासरीबद्दल नाही. मी वाट बघत होते की आता तिखट कार्ड येणार. आलं ते असं: "पंडित डाव्या हातावर का?"

जी चूक मी मुद्दाम केली नव्हती तीच पकडलीस. लिहिताना माझ्या लक्षातही आलं नाही की निसटलंय.

बाबांनी मला शपथ घातली होती. पण विचारलंस त्याला खोटं उत्तर देणार नाही. बाबांचा उजवा हात थरथरतो, दादा. वर्ष होत आलं. म्हणून चहा बशीत. म्हणून पाट्या मी रंगवल्या. दवाखाना झाला, गोळ्या चालू आहेत, जिवाला काही नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलंय, आपले धरले तर तीन. पण हात पूर्वीसारखा व्हायचा नाही. डावा बरा आहे, पण डाव्याला काम येत नाही, आणि आता या वयात शिकतही नाही.

पहिल्या अंकात चालून जातं. म्हातारा पंडित थरथर कापत पुस्तक उघडतो, लोकांना वाटेल काय अभिनय! पण मग सैतान त्याला तरुण करतो, आणि तरुण पंडितही तसाच थरथरतो. नाचायला जातो तेव्हा थरथरतो, पोरीचा हात धरतो तेव्हा थरथरतो. काल तो नाचाचा प्रसंग बाबांनी तीनदा केला. तिसऱ्या वेळी पंडित हातातून सुटून चौकटीबाहेर पडला. बाबांनी तो उचलला, झटकला आणि म्हणाले, "खेळ रद्द करू या का?" इतक्या सहज विचारलं, की मी दुसरीकडे बघून रडले.

तर आता ऐक. मी इतके दिवस तुला सैतानासाठी बोलावत होते. ते आमंत्रण रद्द. सैतान माझा. तो मला सापडलाय, आणि तू आलास तरी तुला परत देणार नाही, भांडण झालं तरी चालेल. तू ये तो पंडित म्हणून ये. तुला त्याचा शब्द न् शब्द पाठ आहे, इतकी वर्षं त्याच्या शेजारी हात वर करून उभा होतास. आणि पंडिताला टाळ्या घ्यायला पुढे जाता येतं.

आज संध्याकाळी मी बाबांना सांगणार आहे की तुला सगळं कळवलंय. माझ्यासाठी देवाची प्रार्थना कर. किंवा सैतानाची, तो आता घरचाच आहे.

शेंडेफळ

१७ मार्च

दादा,

सांगितलं. बाबा जेवले, पोथीचं रोजचं पान वाचायचं ते वाचलं, झोपले. सकाळी माझ्याशीही बोलले नाहीत. दोन दिवस घरात असं वातावरण, की आत्यासुद्धा गप्प होती, म्हणजे बघ.

तिसऱ्या दिवशी मी तालमीच्या खोलीत गेले, तर बाबा खिडकीशी बसून पंडिताचा मोजा उसवत होते. सुई त्या हातात कशी धरली असेल देव जाणे. एक टाका काढायला किती वेळ लागत होता ते मी दारातून बघत होते, पण मदत करते म्हणायची हिंमत झाली नाही. शेजारी तुझा सैतानाचा जुना मोजा उलटा पसरून ठेवलेला. त्यावर पंडिताचा मोजा ठेवायचे, कुठे कमी पडतो ते खडूने खुणावायचे, पुन्हा उसवायचे.

मला पाहिल्यावर म्हणाले, "बोटांत आखूड आहे हा. आणि तळव्यात रुंद लागेल. शिवून दे."

मी शिवून दिला. कुणाच्या हाताला रुंद लागेल ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण दादा, बाबांना ओळखतोस ना? तुला बोलावणं आलंय. ते याहून मोठ्याने कधी बोलावणार नाहीत.

शेंडेफळ

२९ मार्च

दादा,

कालच तर स्टेशनवर पोचवलं तुम्हाला, आणि आज पत्र, म्हणून वहिनी हसेल. हसू दे. खेळात तू होतास, त्यामुळे खेळाचं सांगत नाही. फक्त एकदा लिहिते, पुन्हा तोंडावर म्हणणार नाही: तरुण झालेल्या पंडिताने ती पहिली उडी मारली ना, तेव्हा मी सैतान असून टाळी वाजवणार होते.

तू दोन दिवस मला विचारत होतास, "बाबांना पुढे यायला कसं पटवलंस? आणि सैतानासकट?" मी नुसती हसले, कारण बाबा समोर होते. मी पटवलं नाही. तू पुढे होतास, म्हणून तुला मागचं माहीत नाही. ते सांगायला हे पत्र.

बाबांना आम्ही वादळाच्या गडगडाटासाठी हलवायचा पत्रा दिला होता. ती त्यांचीच कल्पना. "थरथरणाऱ्या हाताला याहून चांगलं काम शोधून सापडायचं नाही," म्हणाले, आणि काय वाजवला! शेवटच्या वादळात छापखान्याच्या मालकांनी खुर्ची धरून ठेवली होती. तर पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या, तू पुढे गेलास. दिवे सांभाळणारे डॉक्टर गेले. आत्या गेली, जिचा नाटकाशी काडीचा संबंध नव्हता. मी सैतान हातात घेऊन मागे, नियमाप्रमाणे. मुलीची बाहुलीही माझ्याच हातात होती, त्यामुळे निम्मी मी पुढे जायला हवं होतं, पण ते बाबांना विचारायची ती वेळ नव्हती. खोटं कशाला बोलू, मला भयंकर राग आला होता. एवढा घाम गाळला, खांदे भरून आले, आणि बाहेर आत्या वाकून वाकून टाळ्या घेतेय!

तेवढ्यात पाहिलं तर बाबाही तिथेच. पत्र्याजवळ उभे. मी म्हटलं, "जा ना पुढे." तर म्हणाले, "पत्रा वाजवणारा कसला पुढे जातोय."

मग ते कान देऊन ऐकायला लागले. तुला वेगळं सांगायला नको, त्या जाड काळ्या पडद्यामागे काय ऐकू येतं. शेजारच्या घरात कुणी गादी झटकतंय असं वाटतं.

"एवढंच ऐकू येतं इथे?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"तो इथेच उभा असायचा?"

"इथेच. तुम्ही सगळे परत येईपर्यंत."

बाबा माझ्या हातातल्या सैतानाकडे बघत राहिले. बाहेर टाळ्या चालूच होत्या. "मला वाटायचं," ते म्हणाले, "मागे उलट जास्त ऐकू येत असेल." आणि त्यांनी माझं मनगट धरलं, सैतानासकट, त्या थरथरणाऱ्याच हाताने, आणि पडद्याच्या फटीतून मला ओढत बाहेर घेऊन आले. मी बाबांना आणलं नाही, बाबांनी मला आणलं. पुढे आल्यावर ते तुझ्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीने सैतानाला हात केला. घाबरलीबिबरली काही नाही. बाबांनी ते पाहिलं.

आज सकाळी त्यांना म्हटलं, दादाला लिहितेय, काही निरोप? चष्मा पुसत बसले. मला वाटलं आता सांगतील, पुढच्या खेळाला वेळेवर ये, नाहीतर नाचात डावा खांदा उचलतोस तो उचलू नकोस. तर म्हणाले, "त्याला लिही, मी कधी मागे उभाच राहिलो नव्हतो."

मी म्हटलं, पुढे?

म्हणाले, "पुढे काही नाही. एवढंच लिही, आणि आजच पेटीत टाक."

शेंडेफळ